लसूणघासाच्या कोवळ्या रोपांवर मावा सोडून कोणतं बी टिकतं ते कसं तपासायचं (पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी)

आमचं गाव निफाड तालुक्यात, घरी आठ गाई आणि २० गुंठे घास. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत चार दिवस आभाळ आलं आणि आई घास कापून गोठ्यात आली ती हात पुढे करूनच, गूळ लागल्यासारखे चिकट झाले होते. वावरात जाऊन पान उलटं केलं तर खाली मावाच मावा (पानातला रस पिणारी बारीक कीड), आणि नवीन पेरलेल्या तुकड्यातली बोटभर रोपं पिवळी पडून बसलेली. आता द्राक्षावर असतं तर फवारणी करून मोकळे झालो असतो, पण घास दर २५ दिवसांनी कापून थेट गाईच्या पुढ्यात जातो आणि त्याच गाईचं दूध घरातली पोरं पितात, त्यावर औषध मारायला माझा हात धजला नाही. आणि त्याच तुकड्यात मधूनच एखादं रोप हिरवंगार उभं होतं. ते का उभं राहिलं हे शोधायला मी हा उद्योग सुरू केला, दोन हिवाळे केला, आणि जे समजलं ते इथे क्रमाने लिहितोय. लॅब लागत नाही, शेतीची डिग्री लागत नाही, पण रोज सकाळी अर्धा तास आणि चिकाटी लागते.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. घास परपरागीभवनाचं पीक आहे, मधमाश्यांनी परागकण इकडचे तिकडे केलेले असतात, त्यामुळे एकाच पिशवीतल्या बियांमध्येही प्रत्येक दाणा वेगळा असतो. म्हणून "हे वाण माव्याला टिकतं का" असा प्रश्न नसतोच, "या वाणातली १०० पैकी किती रोपं टिकतात" असा असतो. अमेरिकेत १९५४ मध्ये न्यू मेक्सिकोत ठिपक्यांचा मावा पहिल्यांदा सापडला आणि घासाची शेतंच्या शेतं बसली, तेव्हा तिथल्या लोकांनी 'आफ्रिकन' नावाच्या जुन्या वाणातली टिकलेली झाडं निवडून १९५७ ला 'मोआपा' नावाचं वाण काढलं. ऑस्ट्रेलियात हाच मावा १९७७ ला पोचला आणि त्यांचं घरोघरचं 'हंटर रिव्हर' वाण झोपलं. म्हणजे उत्तर बऱ्याचदा आपल्याच वावरात उभं असतं, ते शोधायची पद्धत तेवढी हवी.

काय काय लागेल

- ५ उथळ ट्रे, अडीच इंच खोल, खाली भोकं असलेले. भाजीपाल्याच्या नर्सरीतले कप्प्यांचे प्रो-ट्रे नकोत, सपाट हवेत, आपल्याला ओळीत पेरायचंय
- कोकोपीट, गाळलेली माती आणि चाळलेलं गांडूळखत
- १२ ते १५ लहान कुंड्या (मावा वाढवायला)
- ५० मेशची कीटकरोधक जाळी, नाहीतर पांढरं मलमल. मी मेनरोडवरून मलमल आणलं, स्वस्त पडलं आणि धुता येतं
- मऊ केसांचा बारीक ब्रश, शून्य किंवा एक नंबर
- १० पट मोठं दाखवणारं भिंग
- कमाल-किमान तापमापक
- आइस्क्रीमच्या काड्या आणि पेन्सिल (शाईचं पाणी होतं)
- एक रजिस्टर
- प्रत्येक बियाच्या पिशवीच्या टॅगचा आणि बिलाचा फोटो, लॉट नंबर दिसेल असा

शेवटचा मुद्दा लोक सोडून देतात. वर्षाने "ते चांगलं निघालेलं बी कोणतं होतं" असं दुकानदाराला विचारायला गेलात तर लॉट नंबरशिवाय त्याला काहीच सांगता येत नाही.

१. आधी मावा ओळखा

घासावर आपल्याला तीन प्रकारचे मावे भेटू शकतात आणि तिघांची चाचणी सारखी नाही.

ठिपक्यांचा मावा फिकट पिवळसर, जेमतेम २ मिलिमीटर, भिंगातून पाठीवर काळ्या ठिपक्यांच्या ओळी दिसतात. पानाच्या खालच्या बाजूला, आणि जास्त करून झाडाच्या खालच्या पानांवर बसतो, धक्का लागला की टुणकन उडी मारतो. याची लाळ विषारी असते, शिरा पांढरट पडतात, पान पिवळं होतं आणि कोवळं रोप मरतंच. हिरवा मावा आकाराने दुप्पट, लांब पायांचा, शेंड्याकडे गर्दी करतो आणि हात लावला की खाली पडतो. तिसरा काळा, चवळीवर येतो तोच, मोठा झाला की चकचकीत काळा आणि पिल्लं राखाडी.

पहिल्यांदा करताय तर ठिपक्यांच्या माव्यापासून सुरुवात करा, कारण त्याच्यात रोप मेलं की जगलं हे स्पष्ट दिसतं. हिरव्या आणि काळ्यात रोप बऱ्याचदा मरत नाही, खुजं राहतं, मग १ ते ५ असे गुण द्यावे लागतात आणि नवख्या माणसाचा हात त्यात अडकतो. दोन मावे एकाच ट्रेवर मिसळू नका, निकालाचा अर्थच लागत नाही.

२. बी आणताना, आणि माझं पहिलं वर्ष कसं गेलं

पहिल्या वर्षी मी पाच ठिकाणचं बी आणलं, सगळं नीट पेरलं, मावा सोडला. तिसऱ्या दिवशी बघतो तर चार ओळींमध्ये मावा मरून पडलेला, रोपं टवटवीत. मला वाटलं खजिनाच सापडला, दोन दिवस मी गावात सांगत फिरलो. मग पिशवी पुन्हा वाचली, बारीक अक्षरात बीजप्रक्रियेचं औषध लिहिलेलं होतं. आंतरप्रवाही कीटकनाशक बियाला लावलेलं असलं की ते रोपाच्या रसात उतरतं आणि काही आठवडे मावा टिकूच देत नाही. महिनाभराची मेहनत वाया गेली.

म्हणून दुकानात पहिलं वाक्य हेच: "औषध न लावलेलं बी द्या." रंगीत, गुलाबी किंवा हिरवट लेप दिसला तर नकोच. नुसतं बुरशीनाशक आहे असं सांगितलं तरी टॅग स्वतः वाचा. धुऊन काढू असं मनात आणू नका, लेप पूर्ण निघत नाही.

किमान ५ बियाणी घ्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं आरएल-८८ घ्या, गुजरातचं आनंद-२ मिळालं तर घ्या, बाकी गावात चालणारी घ्या. राहुरीला चारा पिकांच्या संशोधनाचं केंद्र आहे, तिथल्या लोकांना फोन करून विचारायला लाजू नका. बी ताटात पसरून अमरवेलीचं बी नाही ना ते बघा, ते घासाच्या दाण्यापेक्षा बारीक, खरबरीत आणि मातकट असतं. अमरवेल एकदा वावरात शिरली की घास मोडून टाकायची वेळ येते.

पाचातलं एक बी मुद्दाम असं घ्या जे माव्याला हमखास बळी पडतं. यालाच चेक म्हणायचं. मी आमच्या शेजाऱ्यांचं घरचं जुनं बी घेतलं, त्यांचा घास दरवर्षी पहिला बसतो. चेक नसेल तर चाचणी करूच नका, असं मी ठामपणे सांगतो. चेकची ओळ मेली म्हणजेच मावा पुरेसा होता आणि थंडी-उष्णता योग्य होती. चेक जगला तर बाकीच्या ओळी कितीही हिरव्या असू द्या, त्याला काही अर्थ नाही.

३. मावा वाढवा (याला महिना लागतो, आधी सुरू करा)

हिशोब करा. ५ बियाणी, प्रत्येकाची ५० रोपं, ४ ट्रे, म्हणजे १००० रोपं. रोपामागे ३ ते ५ मावे धरले तर ३ ते ५ हजार मावे एकाच दिवशी हवेत, आणि कडेच्या ओळी खातात ते वेगळे. वावरातून गोळा करून एवढे जमत नाहीत.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला कुंड्यांमध्ये चेकचंच बी दाट पेरा. रोपं चार बोटं झाली की वावरातून मावा आणा, पण थेट कुंडीत सोडू नका. त्यातल्या बऱ्याच माव्यांच्या पोटात बारीक गांधीलमाशीची अळी असते, आठ-दहा दिवसांनी मावा फुगून सोनेरी-तपकिरी कोरडा गोळा होतो, त्यातून माशी निघते आणि जाळीच्या आतली सगळी वसाहत संपवते. वावरात ही माशी आपली मैत्रीण आहे, कुंडीत मात्र नको.

त्यावरचा उपाय सोपा आहे. पारदर्शक झाकणाच्या डबीत ओला टिश्यू, त्यावर घासाचं पान, त्यावर एक मोठी मादी. आपल्या हवेत मादीला नर लागत नाही, ती अंडी न घालता थेट पिल्लं देते. पहिल्यांदा भिंगातून बघितलं तेव्हा मी श्वास रोखून बसलो होतो, मादीच्या मागून आधी पिल्लाचं मागचं टोक येतं, मग हळूहळू अंग सुटतं, पाय हलायला लागतात, आणि पाचेक मिनिटांत ते स्वतंत्र चालतं. दुसऱ्या दिवशी आईला ब्रशने उचलून बाहेर टाका आणि फक्त पिल्लं कुंडीत सोडा, एका दिवसाच्या पिल्लात माशीची अळी नसते. अशा १५-२० माद्यांची पिल्लं घ्या. आठवडाभरात पिल्लं स्वतः पिल्लं द्यायला लागतात, तीन-चार आठवड्यांत कुंडी भरते.

कुंडीत गर्दी झाली किंवा झाड सुकायला लागलं की पंखांचे मावे तयार होतात आणि ते एका जागी बसत नाहीत. म्हणून दर आठवड्याला नवीन कुंडी शेजारी ठेवत जा. मुंग्या आल्या तर कुंड्यांच्या पायाखाली पाण्याच्या ताटल्या ठेवा.

आणि नाशिकवाल्यांसाठी खास: कुंड्या द्राक्षबागेच्या वाऱ्यावर ठेवू नका. गोडी छाटणीनंतर हिवाळाभर बागेत फवारे चालूच असतात, काकांच्या बागेतून एका संध्याकाळी आलेल्या तुषारांनी माझ्या सहा कुंड्या साफ झाल्या. आता मी घराच्या पूर्वेकडच्या खोलीत खिडकीशी ठेवतो, वर ट्यूबलाइट.

४. ट्रे पेरा

ट्रेमध्ये दोन-दोन इंचांवर ७ ओळी. पहिली आणि सातवी ओळ नुसती कडेची, ती मोजायची नाही, कारण कडेला ऊन-वारा जास्त लागतो. मधल्या ५ ओळीत ५ बियाणी. कोणतं कुठे ते प्रत्येक ट्रेला चिठ्ठ्या टाकून ठरवा, चारही ट्रेमध्ये एकच क्रम ठेवलात तर खिडकीकडच्या ओळीला नेहमी जास्त उजेड मिळेल आणि तुम्ही ते वाणाचं कौतुक समजाल.

बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, त्याखाली नको, दाणा बारीक असतो, वर येताना दम संपतो. काही दाणे कठीण कवचाचे असतात, ते उगवतच नाहीत किंवा फार उशिरा उगवतात, म्हणून ओळीला ६० टाका आणि उगवल्यावर ५० ठेवून बाकीची कात्रीने कापा, उपटू नका.

पाचवा ट्रे अगदी तसाच पेरा पण त्याच्यावर मावा सोडायचा नाही, वेगळ्या जाळीत ठेवायचा. याचा उपयोग शेवटी कळतो. कोवळी रोपं नुसत्या जास्त पाण्याने, बुरशीनेही कोलमडतात. बुरशीने गेलेलं रोप जमिनीलगत बारीक होऊन आडवं पडतं, पानं तेव्हाही हिरवी असतात. माव्याने गेलेलं आधी पिवळं पडतं, मग उभ्या जागी सुकतं. पाचव्या ट्रेमध्ये किती गेली हे माहीत असलं की माव्याच्या नावावर बुरशीचे बळी लागत नाहीत.

५. मावा सोडा

पेरल्यापासून ८-१० दिवसांनी पहिली दोन गुळगुळीत दलं उघडतात आणि मधून एकेरी पान डोकावतं, तीच वेळ. तीनपानी पान येईपर्यंत थांबलात तर रोप दणकट होतं आणि चेकसुद्धा वाचतो.

सोडायच्या आधी प्रत्येक ओळीतली जिवंत रोपं मोजून रजिस्टरमध्ये लिहा. हा आकडा लिहायचा राहिला तर नंतर काहीच करता येत नाही.

मग भरलेल्या कुंडीतल्या काड्या कापून ओळींच्या मध्ये सारख्या अंतरावर आडव्या ठेवा. काडी सुकत गेली की मावा आपोआप चालत रोपांवर चढतो. ब्रशने एकेक उचलायला गेलात तर सोंडा तुटतात आणि मावा मरतो. दोन दिवसांनी सुक्या काड्या काढून घ्या, भिंगाने फिरून बघा, जिथे मावा कमी दिसेल तिथे पुन्हा एक-दोन काड्या टाका.

आता वरून पाणी बंद. झारी धरली की मावा वाहून जातो. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवा, खालून ओल चढू द्या, दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढा.

६. रोजचं बघणं

तापमान लिहीत जा. दिवसा २० ते २५ अंश असेल तर उत्तम. आपल्या निफाडला डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली सहज जातो, आणि ठिपक्यांच्या माव्याच्या बाबतीत थंडीत काही टिकाऊ झाडांचाही प्रतिकार ढिला पडतो. म्हणजे उघड्या पडवीत केलेली आणि खोलीत केलेली चाचणी वेगळा निकाल देऊ शकते. रात्री ट्रे घरातच घ्या.

ढालकिड्याची एक अळी जाळीत घुसली तरी दोन दिवसांत अर्धा ट्रे रिकामा करते, जाळी उघडताना कपड्यांवरूनही ती येते. दिसली की उचलून वावरात सोडा, मारू नका.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून फरक दिसायला लागतो. मागच्या डिसेंबरात दुसऱ्या ट्रेमध्ये चेकची ओळ बाराव्या दिवशी पूर्ण वाळल्या गवताच्या रंगाची झाली होती आणि तिच्या शेजारच्या ओळीत सलग तीन रोपं गेलेली, चौथं हिरवं, त्याचं तीनपानी पान नुकतंच उलगडलेलं, आणि पानाखाली दोनच मावे, तेही सुकलेले. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "हिला राहू दे बाबा, हिला चिकटा लागत नाही." तिथे काडी खोचून खूण केली.

७. मोजणी

चेकमधली दहापैकी नऊ रोपं गेली की त्या दिवशी सगळ्या ओळी मोजा. माझ्याकडे १२ ते १६ दिवस लागले, थंडीत जास्त. फार थांबलात तर मावा इतका वाढतो की चांगली रोपंही दबतात.

समजा एका बियाची चार ट्रेमध्ये मिळून १८४ रोपं होती आणि ४१ टिकली, म्हणजे २२ टक्के. चेकची १९० पैकी ८, म्हणजे ४ टक्के. पाचव्या ट्रेमध्ये मरतूक नगण्य असेल तर हा आकडा धरायला हरकत नाही. अमेरिकेत घासासाठी जी वर्गवारी वापरतात ती अशी: ५ टक्क्यांपर्यंत बळी पडणारं, ६ ते १४ कमी प्रतिकारक, १५ ते ३० मध्यम, ३१ ते ५० प्रतिकारक, ५० च्या वर अति प्रतिकारक. म्हणजे २२ टक्के हे वाईट नाही, मध्यममध्ये बसतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला १०० पैकी ७८ मेली हेच दिसतं, त्याला हे समजावून सांगावं लागतं. चार ट्रेचे आकडे वेगवेगळेही बघा, एका ट्रेमध्ये ४० टक्के आणि दुसऱ्यात ५ आले असतील तर मावा सारखा पसरला नव्हता, पुन्हा करा.

८. टिकलेली रोपं खरंच टिकाऊ आहेत का

रोप तीन कारणांनी जगतं. एक, माव्याला ते आवडतच नाही, बसतो आणि निघून जातो. दोन, बसतो, रस पितो, पण वाढत नाही, मरतो. तीन, मावा मजेत वाढतो तरी रोप सोसतं. आणि चौथं कारण म्हणजे त्याच्यापर्यंत मावा पोचलाच नाही. हे चौथंच सगळ्यात जास्त फसवतं, म्हणून दुसरी फेरी लागतेच.

टिकलेली रोपं मातीसकट उचलून कुंडीत लावा, मावा ब्रशने झाडा. झाड वीतभर झालं की त्याच्या काड्या कापून ओल्या वाळूत लावा, तीन-चार आठवड्यांत मुळ्या फुटतात. अशा एका छोट्या रोपावर ५ मोठे मावे सोडून मलमलची पिशवी बांधा आणि १० दिवसांनी मोजा. चेकच्या काडीवर शंभराच्या पुढे गेलेले असतील आणि तुमच्या टिकलेल्या झाडाच्या काडीवर ५ चे ३ राहिले असतील, तर ते झाड ठेवायचं. मूळ झाड सुरक्षित राहतं हा यातला फायदा. तिसऱ्या प्रकारची झाडं, सोसणारी, मी बियासाठी घेत नाही, ती स्वतः जगतात पण मावा शेजारी वाटत राहतात.

बी धरायचं तर दोन-तीनच सुंदर झाडांवर धरू नका. घासात जवळच्या नात्यात बी धरलं की पुढची पिढी खुरटी होते. किमान ३०-४० झाडं जमेपर्यंत दोन वर्षं घालवा. ती बागेपासून लांब, मधमाश्या येतील अशा ठिकाणी एकत्र लावा. फेब्रुवारीतल्या कापणीनंतर फुलू द्या, शेंगा गोगलगाईच्या शंखासारख्या वळलेल्या असतात, तपकिरी झाल्या की काढा. आजूबाजूचे लोक घास फुलोऱ्याच्या सुरुवातीलाच कापतात, त्यामुळे बाहेरचे परागकण फार येत नाहीत. शेजाऱ्याला बी द्यायला अडचण नाही, २००१ च्या पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने घरचं बी ठेवायचा, बदलायचा आणि ब्रँडच्या नावाशिवाय विकायचाही हक्क आपल्याला आहे.

चेकचं बी मात्र संपवू नका. अर्धा किलो हवाबंद डब्यात, वर नाव आणि साल लिहून, घरातल्या थंड कपाटात ठेवून द्या. पुढच्या डिसेंबरात नवीन बियाची ओळ याच चेकच्या शेजारी पेरायची आहे.